पऱ्हाटीचं खत करणारा साहेब : सर अल्बर्ट हॉवर्ड

जयंती विशेष | नागपूर ग्रामीण

नागपूर : कापसाची शेवटची वेचणी झाली की काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड या भागांत दरवर्षी तेच चित्र दिसतं. पऱ्हाटी उपटली जाते, धुऱ्यावर तिचे ढीग लागतात. थोडीफार चुलीसाठी घरी जाते आणि उरलेल्या ढिगाला काडी लागते. संध्याकाळी गावाकडं निघालं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळ दिसतो. सकाळी तिथं राखेचा एक काळा-पांढरा गोल तेवढा उरतो. सहा-सात महिने जमिनीनं जे दिलं, ते एका रात्रीत धूर होऊन जातं.

याच पऱ्हाटीचं काय करायचं, या प्रश्नावर एका इंग्रज शास्त्रज्ञानं आयुष्यातली सात वर्षं घातली. तीही लंडनच्या प्रयोगशाळेत नव्हे. आपल्यासारख्याच काळ्या, उन्हाळ्यात भेगा पडणाऱ्या जमिनीवर, होळकरांच्या इंदुरात. त्या माणसाचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. जगभर आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या आद्य पुरुषांत त्यांचं नाव घेतलं जातं. ८ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस. नेमका आपल्याकडं कापूस वेचणीचा आणि पुढं पऱ्हाटीचं काय करायचं हे ठरवण्याचा काळ. त्या निमित्तानं ही त्यांची ओळख.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कासल या छोट्या गावी झाला. घरी शेती होती. शिक्षणासाठी ते लंडनला आणि पुढं केंब्रिजला गेले. निसर्गविज्ञानात चांगले गुण मिळवून बाहेर पडले, तरी शेती डोक्यातून गेली नाही.

पहिली महत्त्वाची नोकरी वेस्ट इंडीज बेटांवर मिळाली. १८९९ ते १९०२ या काळात ते तिथं पिकांच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करत होते. उसावरचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि शेतकऱ्यांना उपाय सांगायचे, असं ते काम. मात्र जो सल्ला आपण देतो तो आपण स्वतः कधी शेतात करून पाहिलेला नाही, ही गोष्ट त्यांना खटकू लागली. ज्याच्याकडं स्वतःची जमीन नाही त्यानं दुसऱ्याला शेती शिकवायची, हे त्यांना पटेना. ही खटक पुढं जन्मभर राहिली. त्यानंतर इंग्लंडमध्ये वाय इथल्या कृषी महाविद्यालयात दोन-तीन वर्षं काम करून १९०५ साली ते हिंदुस्थानात आले.

बिहारच्या शेतकऱ्यांकडं शिकवणी

लॉर्ड कर्झनच्या काळात बिहारमधल्या पुसा इथं सरकारी कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. तिथं हॉवर्ड यांची वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचं लग्न गॅब्रिएल मथाई यांच्याशी झालं. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजला संशोधन केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढची पंचवीस वर्षं दोघांनी जोडीनं काम केलं. पुढं सरकारनं गॅब्रिएल यांनाही रीतसर शास्त्रज्ञ म्हणून पद दिलं. त्या काळी एका स्त्रीला असं पद मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. पुसाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गव्हाच्या सुधारित जाती या दोघांच्या मेहनतीतून तयार झाल्या आणि उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरल्या.

पुसात हॉवर्ड यांना एक गोष्ट विचार करायला लावणारी दिसली. संस्थेच्या आवाराबाहेर गावकऱ्यांची शेतं होती. तिथं ना औषध फवारलं जात होतं, ना विलायती खत पडत होतं. तरी त्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी होती. मग हॉवर्ड यांनी ठरवलं की आपण या शेतकऱ्यांनाच गुरू करायचं. सोबत किडी आणि रोग यांनाही. कीड पडली म्हणजे पीक कुठंतरी अशक्त आहे, जमिनीत काहीतरी कमी आहे, असा तो निरोप समजायचा.

त्यांच्याकडं कामाचे बैल होते. त्यांना चांगला हिरवा चारा, स्वच्छ गोठा मिळायचा. शेजारच्या गावातल्या लाळ-खुरकूत झालेल्या जनावरांशी हे बैल कुंपणावरून नाकाला नाक लावत. तरी ते आजारी पडले नाहीत, असं हॉवर्ड यांनी लिहून ठेवलं आहे. सकस जमीन, सकस चारा, सकस जनावर अशी ती साखळी त्यांच्या मनात तिथं तयार झाली.

पण पुसाच्या संस्थेत कामाचे कप्पे पाडलेले होते. बियाणं बघणारा वेगळा, बुरशी बघणारा वेगळा, कीड बघणारा वेगळा, माती बघणारा आणखी वेगळा. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र या सगळ्या गोष्टी एकाच वेळी एकाच झाडावर येतात. हॉवर्ड यांना सगळं एका छताखाली हवं होतं. ते जमेना, तेव्हा त्यांनी नवी जागा शोधायला सुरुवात केली.

इंदूर : काळी जमीन आणि कापूस

ती जागा इंदुरात मिळाली. होळकर दरबारानं जमीन दिली, कापसाच्या संशोधनासाठी नेमलेल्या मध्यवर्ती समितीनं आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी पैसा उभा केला. १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले.

माळव्याची जमीन आणि आपली जमीन यांत फार फरक नाही. काळी, चिकण, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. पीकही आपलंच, म्हणजे कापूस, तूर, ज्वारी. अडचणही आपलीच. शेण हवं तेवढं नाही. जे आहे त्याच्या गोवऱ्या होतात, कारण चूल पेटायला हवी. पऱ्हाटी आणि तुराटी इतक्या टणक की नुसत्या उकिरड्यावर टाकल्या तर वर्षभर तशाच पडून राहतात.

मग हॉवर्ड यांनी प्रश्न उलटा केला. शेण कमी आहे, पण काडीकचरा भरपूर आहे. मग थोड्या शेणाचा उपयोग विरजणासारखा करून सगळ्या कचऱ्याचं खत का करू नये? दुधाला विरजण लावतो तसं. चीनमधले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काडीकचरा, गाळ, मैला काहीच वाया जाऊ देत नाहीत, हे त्यांनी अमेरिकी मातीशास्त्रज्ञ किंग यांच्या १९११ च्या पुस्तकात वाचलं होतं. आपल्या शेतकऱ्याचा उकिरडा त्यांच्यासमोर होताच. या दोन्हींना त्यांनी मोजमापाची जोड दिली.

या कामात त्यांच्यासोबत रसायनाची बाजू सांभाळणारे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ मालापासून ह्यूमस कसा करायचा, यावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांचीही नावं आहेत. साहेबाचं नाव जगभर झालं, वाडांचं नाव मात्र आपल्याकडंही फार कुणाला माहीत नाही. ते माहीत असायला हवं.

इंदूर पद्धत नेमकी काय?

नाव मोठं, पण काम कुठल्याही शेतकऱ्याला कळेल असं आहे.

पहिली गोष्ट, पऱ्हाटी मोडायची कशी? तेव्हा श्रेडर नव्हते. हॉवर्ड यांनी पऱ्हाटी आणि तुराटी सरळ गाडीरस्त्यावर अंथरून ठेवल्या. बैलगाड्यांची ये-जा सुरूच असते. चाकाखाली आणि खुराखाली काड्या आपोआप चिरडल्या जात. मजुरी लागत नसे. नंतर हाच चुरा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. त्यात शेण-मूत मिसळतं आणि काडी मऊ पडते.

दुसरी गोष्ट, गोठ्यातली माती. जनावरांचं मूत्र आपण वाहून जाऊ देतो, पण खताचा मोठा भाग त्यातच असतो. हॉवर्ड यांच्या गोठ्यात फरशी नव्हती, मातीची जमीन होती. मूत्र मुरलेला वरचा थर दर तीन-चार महिन्यांनी खोदून काढायचा आणि त्या जागी नवी माती भरायची. काढलेली माती खड्ड्यात वापरायची. सोबत चुलीतली राख.

तिसरी गोष्ट, खड्डा. साधारण तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, पण खोली दोन-तीन फुटांपेक्षा जास्त नाही. कारण खाली हवा पोचली पाहिजे. खड्ड्यात काडीकचऱ्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर शेण, मूत्राची माती आणि राख कालवून शिंपडायचं, पाणी मारायचं, मग पुन्हा थर. वरून तुडवायचं नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग लावायचा.

चौथी गोष्ट, उलटवणं. काही दिवसांत ढीग तापतो, ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. हात घालवत नाही एवढी उष्णता. पांढरी बुरशी चढते. दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलटवायचा, पाणी द्यायचं, मग पुन्हा काही आठवड्यांनी एकदा. घाण वास आला किंवा माश्या झाल्या तर समजायचं की आत हवा कमी आहे. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. एका बैलजोडीमागं वर्षाला सुमारे पन्नास गाड्या खत निघतं, असा इंदूरचा हिशेब होता.

हा हिशेब जुळतो कसा? सुक्या काडीत कार्बन भरपूर आणि नत्र अगदी थोडं. शेणामुतात नत्र जास्त. सुरुवातीला एक भाग नत्राला सुमारे ३३ भाग कार्बन असं मिश्रण जमलं पाहिजे, हे इंदुरात ठरलं. सूक्ष्मजीव कार्बन खातात, त्यातला बराच वायू होऊन उडतो आणि शेवटी साधारण एकाला दहा असं प्रमाण उरतं. मातीतल्या ह्यूमसचं प्रमाणही त्याच आसपास असतं. कच्ची पऱ्हाटी तशीच शेतात गाडली तर तिला कुजवण्यासाठी सूक्ष्मजीव मातीतलंच नत्र ओढून घेतात. त्यामुळं पुढचं पीक पिवळं पडतं. अनेकांना हा अनुभव आलेला असेल. आधी खड्ड्यात कुजवून मग शेतात टाकायचं, यामागचं कारण हे आहे.

दुःख आणि निरोप

काम रंगात असतानाच १९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांची साथ सुटली. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला आणि ते इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या धाकट्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी त्यांनी लग्न केलं. पुढं लुईझ यांनीच हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातल्या कामाची हकिगत लिहिली. १९३४ साली हॉवर्ड यांना सर हा किताब मिळाला. १९४० साली त्यांचं शेतीवरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक निघालं. ते त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केलं आहे.

इंदूरची पद्धत तोवर चहा-कॉफीच्या मळ्यांतून आफ्रिका आणि आशियाच्या इतर भागांत पोचली होती. अमेरिकेत रोडेल यांनी आणि इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांनी सेंद्रिय शेतीची जी चळवळ उभी केली, तिच्यामागं हॉवर्ड यांच्या लिखाणाची प्रेरणा होती. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

त्यांच्यावर टीकाही झाली. ह्यूमस चांगला असेल तर पिकाला, जनावराला, माणसाला रोगच होणार नाही, इथपर्यंत ते जात. इतर शास्त्रज्ञांना त्याला पुरेसा पुरावा दिसत नव्हता. रासायनिक खताला त्यांनी कडाडून विरोध केला. आजचे कृषी शास्त्रज्ञ बहुतेक वेळा दोन्हींचा मेळ घालायला सांगतात. पण काडीकचरा जमिनीला परत द्या, या त्यांच्या मूळ म्हणण्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.

वर्धा आणि पुसदपर्यंत

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आली ती गांधीजींमुळं. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले, तेव्हा ते ही संस्था पाहून आले. त्यांचा मुक्काम त्या वेळी वर्ध्याला होता. तिथं मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि जे. सी. कुमारप्पा ते सांभाळत होते. गावातला कचरा, शेण, मैला यांचं खत करायचं, हा त्या कामाचा एक भाग होता. गांधीजींनी आपल्या साप्ताहिकातून इंदूर पद्धतीची माहिती लोकांपर्यंत नेली.

पुढं यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकलं. जमिनीवर विटांचं, भिंतींत भोकं ठेवलेलं टाकं बांधायचं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भोकांतून हवा जाते म्हणून ढीग उलटवायची गरज राहत नाही, मजुरी वाचते. हेच आपलं नाडेप. नारायणचा ना, देवतावचा दे, पांढरीपांडेचा प. एकशेवीस दिवसांच्या आत-बाहेर थोड्या शेणात टाकंभर खत होतं. आज अनेक गावांत नाडेपची टाकी उभी आहेत. काही भरलेली, काही मात्र नुसतीच.

कुजवा, भाजा, की शिजवा?

गंमत बघा. हॉवर्ड आणि वाड यांचं पुस्तक १९३१ साली निघालं आणि त्याच वर्षी फ्रिडरिक बर्गियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळालं. बर्गियस यांनी १९१३ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की झाडपाल्यातला भाग पाण्यासह बंद भांड्यात, मोठ्या दाबाखाली, दोनशे अंशांच्या वर तापवला की त्याचा कोळशासारखा पदार्थ होतो. निसर्गाला ज्याला लाखो वर्षं लागतात ते काही तासांत. हे जणू मोठं प्रेशर कुकर. यात कचरा वाळवावा लागत नाही, ओलाच चालतो. संत्र्याची सालं, भाजीबाजारातला कचरा, गाळ अशा ओल्या मालासाठी आज जगभर या पद्धतीवर काम सुरू आहे. तिला लागणारं दाबाचं यंत्र मात्र एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही.

दुसरी वाट भाजण्याची. सुकी पऱ्हाटी कमी हवेत जाळली तर राखेऐवजी कोळसा मिळतो. त्याला बायोचार म्हणतात. तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि कंपोस्टमध्ये मिसळला तर अन्नद्रव्यं धरून ठेवतो. तिसरी वाट हॉवर्ड यांची, कुजवण्याची. तिन्ही वाटांचा हेतू एकच. झाडानं हवेतून घेतलेला कार्बन धुरात घालवायचा नाही, काळा करून मातीच्या कामी आणायचा. यातली सर्वांत स्वस्त, आजच्या आज करता येणारी वाट तिसरीच आहे.

काडी लावली की नेमकं काय जातं, तेही ध्यानात घ्या. कार्बन जातो, नत्र जातं, गंधक जातं. राखेत पालाश आणि थोडं इतर काही उरतं, तेही वाऱ्यानं आणि पहिल्या पावसानं वाहून जातं. मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी समजला जातो. तो वाढवायचा तर जमिनीला काहीतरी परत द्यावं लागतं.

बोंडअळीचं काय?

इथं एक खरी अडचण आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांत दडून राहते. म्हणून फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी शेतातून काढा, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. हा सल्ला बरोबर आहे आणि पाळायलाच हवा. पण शेतातून काढणं म्हणजे जाळणंच, असं नाही. धुऱ्यावर महिनोन्‌महिने ढीग लावून ठेवणं तर सर्वांत वाईट, कारण अळी तिथंच राहते. किडकी बोंडं वेगळी काढून नष्ट करा. उरलेल्या काड्यांचे श्रेडरनं तुकडे करून लगेच खड्ड्यात भरा. ढीग नीट तापला की अळी-कोषालाही त्यात जगणं अवघड होतं.

मजुरीची अडचण हॉवर्ड यांच्या काळातही होती. त्यांनी ती रस्त्यावरच्या बैलगाड्यांकडून सोडवून घेतली. आज बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले. एकट्याला श्रेडर परवडत नसेल तर गटानं भाड्यानं आणता येतं. शेतकरी गट, उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत यांनी मनावर घेतलं तर दोन-चार दिवसांत गावाची पऱ्हाटी मोडून होईल. पाणीही लागतं, म्हणून विहीर आटायच्या आत, जानेवारी-फेब्रुवारीतच खड्डा भरलेला बरा. तेव्हा भरलेलं खत मृगापूर्वी शेतात टाकायला तयार असतं.

हॉवर्ड शिकले ते आपल्याच शेतकऱ्यांकडून. आपल्याच जातीच्या काळ्या मातीत त्यांनी ते मोजून पाहिलं आणि लिहून जगाला दिलं. त्यांनी शिकवलेलं परत घ्यायला आपल्याला कुठं लांब जायचं नाही. यंदा सगळी नको, एका एकराची पऱ्हाटी तरी जाळण्याऐवजी खड्ड्यात टाकून बघा. पुढच्या पेरणीला त्या एकरातली माती हातात घेऊन बाजूच्या एकराशी ताडून पाहा. खात्री झाली तर पुढच्या वर्षी दुसरा एकर.